काएरी आली का?

तोकुजी इसोमुरासारखा धारवाला जपानच्या साकाई गावात दुसरा झाला नाही. त्यानं धार लावलेल्या सुरीनं मी एकदा मुळा कापला, तर मुळ्याला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं आणि मग त्याचे दोन तुकडे झाले. मी सुऱ्यांना लाकडी मुठी बसवतो, माझं दुकान त्याच्या भिंतीला लागून. तेव्हा ऐकीव गोष्ट सांगत नाहीये.

पातं दगडावर घासत गेलं की कडेला एक दुमड उठते, केसाहून बारीक. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळते. तिला आम्ही काएरी म्हणतो. घरी परत येण्यालाही आमच्याकडे हाच शब्द. काएरी आली की पात्याची ती बाजू झाली. तोकुजीची बायको मित्सुए रोज दुपारी स्वयंपाकघरातून ओरडायची, "काएरी आली का?" तो "आली!" म्हणाला की ती भात वाढायची. आली नसेल तर "नाही" म्हणायचा आणि भात निवत राहायचा. चाळीस वर्षांत भुकेपोटी एकदाही तो खोटं "आली" म्हणाला नाही. मी असतो तर दगडाला पाणी लागायच्या आधीच म्हणालो असतो.

त्या उन्हाळ्यात मित्सुएवहिनींच्या पोटात गाठ निघाली. औषधांनी तोंडाची चव गेली. भात असो, मासा असो, फळ असो, त्या घास बाजूला काढायच्या. "लोखंड चावल्यासारखं लागतं हो." डॉक्टर म्हणाले, औषधानं होतं असं, पण पोटात काही गेलं नाही तर औषध झेपायचं नाही.

दुसऱ्या कुणी औषधाला शिव्या घातल्या असत्या. तोकुजीनं स्वतःच्या धारेला घातल्या. "पात्यात माझंच काहीतरी राहतंय," म्हणे. सगळ्यात मऊ दगड काढून तीन दिवस घासत बसला. पात्यात त्याच्या भुवयांचे केस मोजता यायला लागले. मग ते चहाच्या पाण्यानं धुऊन त्यानं नाशपाती चिरली. वहिनींनी फोड जिभेवर ठेवली आणि हळूच रुमालात काढली.

"छान आहे हो," म्हणाल्या.

थापा मारायला त्या फार कच्च्या होत्या.

मी ओसाकाला गेलो आणि एका मोठ्या दुकानातून पांढरी सुरी आणली. सिरॅमिकची, म्हणजे भाजलेल्या मातीची. तेव्हा नवीनच निघाली होती.

"ही काय बशी आणलीस?" तोकुजी म्हणाला.

"बशीच. गंजत नाही, फळाचा आंबटपणा हिला लागत नाही, फळाला हिचा वास लागत नाही. आणि धार म्हणे वर्षानुवर्षं जात नाही."

"गेली की?"

"तुझ्या दगडाच्या बापालाही दाद देणार नाही. हिऱ्याची चकती लागते."

"हाड तोडून दाखव म्हणावं तिला."

"हाड कोण खातंय तुझ्या घरी?"

हे मी बोलायला नको होतं.

वहिनींनी सुरी उचलली. "अगंबाई, पीस आहे की काय!" तोकुजीची सुरी धरण्याइतकं बळ त्यांच्या मनगटात राहिलं नव्हतं, ही धरता आली. स्वतःच नाशपाती चिरली. फोड काळवंडली नाही. तोंडात घातली, चावली. तोकुजी त्यांच्या जबड्याकडे बघत होता.

"अहो, नाशपातीच लागतेय!"

दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली.

"मातीकडून हरलास रे," मी म्हणालो.

"हरलो," म्हणत त्यानं हातानं डोळे पुसले आणि तोंडभर दगडाचा काळा चिखल फासून घेतला.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "सुरी बदललीत खरी. पण या माणसाच्या हातांना लोखंडाचा वास येतो, त्याचं काय करू?"

तोकुजी तडक उठून नळाकडे निघाला.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "तो चालतो मला."

तेवढ्या फळांवर वहिनींनी पानगळ काढली. थंडी पडली तशी त्यांना दवाखान्यात नेलं. गाडीत बसताना म्हणाल्या, "काएरी आली की भात वाढते."

त्या गेल्या. एकोणपन्नासाव्या दिवसाचं क्रियाकर्म आटोपलं आणि दुसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून दगडाचा आवाज आला. नेहमीचा नव्हता, काचेवर नख ओढल्यासारखा. जाऊन पाहतो तर त्यानं दगडावर पांढरी सुरी धरलेली. पात्याला काही होत नव्हतं, दगडालाच चर पडला होता.

"तोकुजी, अरे, तिला धार आहे अजून."

"माहीत आहे."

"आणि मातीला काएरी येत नसते रे. ती दुमडत नाही, सरळ तुटते."

"माहीत आहे."

अंगठा फिरवून बघायचा आणि पुन्हा घासायचा. दुपार झाली. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नव्हतं. मी घरचा भात आणून त्याच्या स्वयंपाकघरात गरम केला. वाडगा हातात घेऊन उभा राहिलो आणि कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं,

"काएरी आली का?"

घासणं थांबलं. त्यानं अंगठा पात्याच्या कडेवरून मुठीपासून टोकापर्यंत नेला, सावकाश.

"आली," म्हणाला.

मी भात वाढला.