सुलिवनांपैकी कुठले?

आयर्लंडमधल्या बॅराच्या त्या कोपऱ्यात डोळे मिटून दगड भिरकावला तरी एखाद्या सुलिवनालाच लागेल. म्हणून तिथे आडनाव कोणी विचारत नाही, घराण्याचं टोपणनाव विचारतात. हॅनोरा सुलिवन 'भट्टीवाल्यां'तली, शेवटची. लग्न नाही, मूल नाही. होतं ते खाडीवरचं एक शेत, आणि तेही कागदावर अजून आजोबांच्या थोरल्या भावाच्या, जेरीच्या नावावर. जेरी अमेरिकेत ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत गेला नि बिनलग्नाचाच मेला, असं घरचे सांगत. सांगायला ते सोयीचंही होतं म्हणा!

त्यामुळे शेजारच्या कॉनीने एका सकाळी अमेरिकन पाहुणा दारात आणून उभा केला, तेव्हा हॅनोराने दाराची कडी हातातून सोडली नाही.

"अगं, हा वॉरन. सुलिवनच आहे."

"इथे कोण नाही?" ती फणकारली. "सुलिवनांपैकी कुठले?"

"तेच तर माहीत नाही, बाई," तो ओशाळून म्हणाला. "पणजोबा इथून ब्यूटला गेले एवढंच कळलंय."

ब्यूट! तिने चहा ओतला, पण नजर त्याच्या मांडीवरच्या पिशवीवर. मेला ती खाली म्हणून ठेवत नव्हता. कागद असणार. वकिलाने शिकवून पाठवलंय बेट्याला.

"आपली माणसं कुठल्या थडग्यात पुरलीत, तेवढं कळलं तरी पुरे," तो म्हणाला.

म्हणजे पुरावाच की! आधी थडगं, मग शेत.

तिने पाव पुढे केला. त्याने पहिला तुकडा मोडला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. खाणीत उतरलेल्याचा वाटा. अख्ख्या गावात हे फक्त भट्टीवाले करायचे. आजोबा शेवटपर्यंत करत होते.

"हे काय?" तिने विचारलं.

"बाबांची सवय. का करायचे कोण जाणे."

आता शंका उरलीच नव्हती. आणि म्हणूनच ती ठामपणे म्हणाली, "तुम्ही माळावरच्या सुलिवनांपैकी. त्यांच्यातले बरेच ब्यूटला गेले. दफनभूमीत भिंतीला लागून त्यांचं थडगं आहे. जा, भेटा त्यांना."

तो उठला, तिचे दोन्ही हात धरून आभार मानले. पिशवी छातीशी तशीच.

रविवारी प्रार्थनेनंतर कॉनीने तिला दफनभूमीत गाठलं. माळावरच्यांच्या थडग्यावरची माती ताजी होती. तीन ओळी सोडून भट्टीवाल्यांचं थडगं. तिथली एकुलती मोकळी जागा हॅनोराने स्वतःसाठी राखली होती.

"वडलांची राख होती गं त्या पिशवीत," कॉनी म्हणाली. "आपल्या माणसांत पुरा, एवढंच मागून गेले होते म्हणे. माळावरच्यांनी बिचाऱ्यांनी लगेच जागा दिली."

"आणि शेत? शेताचं काही बोलला?"

"कुठलं शेत?" कॉनी तिच्याकडे बघतच राहिली. "रडत होता तो. जाताना म्हणाला, हॅनोराबाई भेटल्या नसत्या, तर बाबा परक्यांत पडले असते."