नंबराभोवतीची मोकळी जागा

मित्रांनो, मी एका दवाखान्याच्या वेबसाइटचे जुने पहिले पान आहे. आता फार थकले आहे.

एका शांत स्वभावाच्या ताईने मला घडवले. वर दवाखान्याचे नाव, खाली पांढऱ्यावर गडद निळा, ठसठशीत तातडीचा नंबर आणि त्याच्याभोवती मोकळी जागा. रंग दोनच, अक्षरे एकाच वळणाची. घाबरलेल्या माणसाची नजरही सरळ नंबरावर जायची.

"एवढी जागा रिकामी कशाला? भाड्याने द्यायचीय का?" दवाखान्याचे मोठे डॉक्टर हसले.

"त्या जागेमुळेच नंबर दिसतो, डॉक्टर," ताई म्हणाली.

काम संपवून ती गेली आणि डॉक्टरांच्या घरच्यांनी मला सजवायला घेतले. डॉक्टरांच्या तीन सत्कारांचे फोटो सर्वांत वर आले. धाकट्या भावाचा सत्कार एकदाच झाला होता. बरोबरी व्हावी म्हणून त्याचा तोच फोटो तीनदा लावला. डॉक्टरांच्या पत्नीने, वहिनींनी, कडेने हलणारी फुले सोडली. कोणाला खाली ढकलायचे नाही, म्हणून नंबरच तळाशी गेला, तोही करड्यावर पांढरा. सगळेच ठळक झाले आणि काहीच दिसेनासे झाले. लोक मला 'भरगच्च' म्हणून नावाजत. मला मात्र ओझे होई.

एका दुपारी डॉक्टरांच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, मला उघडले. नातवाला गांधीलमाशी चावली होती. ओठ सुजले होते, श्वास अडकत होता. डॉक्टर शस्त्रक्रियेत, त्यांचा मोबाइल बंद. आक्कांचे बोट फोटोंवरून, फुलांवरून खाली घसरत राहिले. मला हाक मारता येत नव्हती. अखेर नंबर सापडला आणि दवाखान्याची गाडी कशीबशी वेळेत पोहोचली.

संध्याकाळी नातवाच्या खाटेशी बसून आक्का डॉक्टरांना म्हणाल्या, "अरे, तुझे तिन्ही सत्कार दिसले मला. नंबर काही दिसेना."

"अगं आक्का, सगळ्यांचं मन राखायचं म्हणून..."

"मन राख रे. पण आधी पोराचा जीव राख."

ताईला पुन्हा बोलावणे गेले. फोटो आतल्या पानावर गेले, फुले गेली, नंबर वर आला.

परवा धाकट्या भावाने विचारले, "दादा, नव्या मशीनचा फोटो त्या रिकाम्या जागेत टाकू?"

"ती रिकामी नाहीये," मोठे डॉक्टर म्हणाले. "ती आक्काची आहे."

मित्रांनो, असे हट्ट पुन्हा होतील, हे मी जाणते. तुम्ही फलक लिहाल, वहीचे पान सजवाल, तेव्हा घाईने आलेल्या माणसाला काय हवे आहे, ते आधी ठरवा. ते मोठे लिहा, आणि भोवती मोकळी जागा सोडून त्याला श्वास घेऊ द्या.