सुनेनं न घ्यायची नावं

सविताबाईंच्या हातातला चमचा श्रीखंडाच्या वाटीत तसाच थांबला. मुकुलनं, त्यांच्या मुलानं, पाण्याचा ग्लास तोंडाशी नेला होता, तोही अर्ध्यावर राहिला.

पाहुण्यांनी विचारलं होतं ते एवढंच, की मुलाच्या सात बापांची नावं सांगा.

"म्हणजे वडील, त्यांचे वडील, मग त्यांचे वडील, असं," आसेल घाईघाईनं म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आमच्याकडची रीत आहे. सात पिढ्यांत कुणी सामाईक नसेल तरच लग्न होतं."

आसेल कझाकस्तानातल्या कारागंडाची. सविताबाईंचा नातू, मुकुलचा मुलगा अनिमेष आणि ती सिंगापुरातल्या वन-नॉर्थ भागात एकाच प्रयोगशाळेत कामाला होती, आणि आता दोघांना लग्न करायचं होतं. त्यासाठी तिचे वडील नुरलान, खाणीतले निवृत्त इंजिनिअर, सिंगापूरला आले होते. बेडोकला लेकीच्या भाड्याच्या खोलीवर उतरले आणि आज रविवारी बुओना व्हिस्टाला मुकुलच्या फ्लॅटवर जेवायला आले. येताना सविताबाईंसाठी उंटाच्या लोकरीची जाड शाल आणली होती, ती या उकाड्यात सोफ्याच्या पाठीवर पडून होती. ते कझाकमध्ये बोलत, आसेल इंग्रजीत सांगे. सविताबाईंना मात्र ते थेट 'अपा' म्हणत. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला त्यांच्याकडे तसंच म्हणतात.

"सामाईक?" मुकुल इंग्रजीत म्हणाला. "कुठे वाई, कुठे कारागंडा. आमचं कोण तिकडे घोडे चारायला गेलं होतं?"

नुरलान हसले नाहीत. त्यांनी हलक्या आवाजात काही सांगितलं. आसेल जरा अडखळली.

"बाबा म्हणतात, ज्याला सात नावं येत नाहीत त्याला आम्ही अनाथ म्हणतो. आणि अनाथाच्या घरी ते मुलगी देणार नाहीत."

अनिमेषनं वर पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी परीक्षेत पेपर कोरा राहिल्यावर व्हायचा तसा झाला होता. "आजी," तो म्हणाला, "यू नो, राइट?"

सविताबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांच्या मागोमाग मुकुल आला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"आपण पत्रिका मागितली नाही, धर्म काढला नाही. मधुवंतीनं सहा महिने पोराशी अबोला धरला, तोही सुटला. आणि हा माणूस माझ्या टेबलाशी बसून मला अनाथ म्हणतोय?"

"तुला किती येतात रे?"

"बाबा. आजोबा. मग... त्र्यंबक ना?"

"आणि पुढचे?"

"आई, ठोकून दे की दोनचार. गणपतराव, बळवंतराव. त्याला काय कळतंय."

मधुवंती, सविताबाईंची सून, कढईतून अळूवड्या काढत होती. ती पाठ न वळवताच म्हणाली, "ठोकून द्यायची तरी आईंनी नावं घ्यायला नकोत का? परवा बँकेत बाबांचं नाव विचारलं, तर आईंनी पासबुक पुढे सरकवलं. ती चिनी मुलगी बघतच राहिली."

ते खरंच होतं. सविताबाई शिकलेल्या, वाईच्या हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या. पण लग्न होऊन घरात आल्या त्या दिवशी सासूबाईंनी सांगितलं होतं, की नवऱ्याचं आणि सासरच्या वडीलमाणसांचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही. नवऱ्याचं नाव उखाण्यात गुंफून चारचौघांत घेतलं, तेवढंच. कागदावर हजारदा लिहिलं. पण साधं, सुटं, हाक मारल्यासारखं कधी नाही. वर्गात एकदा सासऱ्यांच्या नावाचा मुलगा आला, तर त्या वर्षभर त्याला आडनावानं हाका मारत राहिल्या. मुलांना वाटायचं, बाईंचा त्याच्यावर राग आहे.

आणि नावं तर त्यांना येत होती. सासरे आपल्या वडिलांचं श्राद्ध करायचे, तेव्हा वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन नावं घ्यायचे. आतल्या खोलीत वडे थापताना ती कानावर पडत. सासऱ्यांच्या मागे नवऱ्यानं श्राद्ध घातलं, तेव्हा त्यांतली दोन पुन्हा पडली. त्या घरच्या मुलांना जे ठाऊक नव्हतं, ते बाहेरून आलेल्या बाईच्या कानात साठून राहिलं होतं.

"चल," त्या मुकुलला म्हणाल्या. "पहिल्यापासून सगळी मी तुझ्या कानात सांगते, म्हणजे क्रम चुकायचा नाही. कानातलं काही नाव घेणं नव्हे. तू मोठ्यानं सांग."

दोघं पुन्हा टेबलाशी येऊन बसली. पहिलं नाव मुकुलचंच होतं, ते त्यानं स्वतः सांगितलं. मग सविताबाई त्याच्या कानाशी वाकल्या. हाताचा आडोसा करून कुजबुजल्या.

"निशिकांत," मुकुल म्हणाला.

त्या पुन्हा वाकल्या.

"दीनानाथ."

तिसऱ्यांदा वाकताना त्यांचं लक्ष समोर गेलं आणि त्या तशाच थबकल्या. नुरलान यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते सविताबाईंच्या तोंडावर धरलेल्या हाताकडे बघत होते. त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं.

"बाबा विचारतात, आजी कानात का सांगताहेत?"

"ओह, दॅट," अनिमेष हसून त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला. "आजी त्या लोकांची नावं घेत नाही. नवरा, सासरा, कुणाचंच नाही. ओल्ड कस्टम, लाह. समबडी एल्स मस्ट से इट फॉर हर."

आसेलनं ते वडिलांना सांगितलं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत नुरलान उठले. खुर्ची मागे आपटली. कुणाकडे न बघता ते बाल्कनीत गेले आणि पाठमोरे, कठडा धरून उभे राहिले.

"झालं," मधुवंती अळूवड्यांचं ताट हातात घेऊन दारातच उभी होती. "मोडलं."

आसेल बाल्कनीकडे निघाली, तर नुरलान स्वतःच आत आले. पडलेली खुर्ची त्यांनी उचलून नीट ठेवली, पण बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते बोलू लागले. मध्ये थांबायचे, आसेल इंग्रजीत सांगायची, मग पुढे.

"माझ्या वडिलांचा जन्म उघड्या माळावरचा. आमचे लोक घरं बांधत नसत. गुरं, मेंढ्या, घोडे घेऊन गवतामागे फिरायचे. कित्येक शतकं तसेच फिरत आलेले. वडील पाच वर्षांचे असतील तेव्हा सोव्हिएत सरकारनं जनावरं काढून घेतली. सगळी. शेत नाही, घर नाही, आणि जनावर नाही. त्या दोन-तीन वर्षांत आमची दहा लाखांहून जास्त माणसं भुकेनं मेली."

सविताबाईंनी आकडा ऐकला आणि त्यांना वाटलं, आपली ऐकण्यात चूक झाली. "दहा लाख?" त्यांनी विचारलं. आसेलनं मान हलवली.

"माझी आजी पोराला घेऊन रेल्वेच्या गावापर्यंत चालत आली. तिथे अनाथाश्रम होता. आत घेतलं तर पोराला पाव मिळणार होता. दारात कारकून होता, त्यानं विचारलं, मुलगा कुणाचा? बापाचं नाव काय? आजोबाचं नाव काय?"

नुरलान यांनी आपला हात तोंडावर धरला. सविताबाईंनी धरला होता, अगदी तसाच.

"ती अशी उभी राहिली. आमच्याकडेही सून नावं घेत नाही, अपा. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही. विचारलं तर घरातलं दुसरं कुणीतरी तिच्या वतीनं सांगतं. पण पोराला नावं ठाऊक नव्हती, आणि दुसरं कुणी उरलंच नव्हतं. सगळे वाटेत गेले होते. कारकुनानं पुन्हा विचारलं. वडिलांना तिची बाही आठवत होती, ती त्यांनी घट्ट धरली होती. मग तिनं ती सोडवून घेतली. म्हणाली, थांब, सांगणारं कुणी मिळतं का बघून येते."

खाली कुठेतरी पोहण्याच्या तलावावर मुलं ओरडत होती.

"ती परत आली नाही. कारकुनानं रखवालदाराचं नाव बाप म्हणून लावलं. तेच आमचं आडनाव."

रखवालदाराचं हे आसेलनं इंग्रजीत सांगितलंच नाही. ती वडिलांकडे बघत राहिली. मग कझाकमध्ये भराभर बोलू लागली, बोटांवर मोजत, एकामागून एक नावं. सात झाली. तिची नजर विचारत होती, की ही मग कुणाची?

नुरलान दोन शब्द बोलले. ती खाली बसली.

"काय म्हणाले?" अनिमेषनं तिला हलवलं.

"उसनी," ती म्हणाली. "शेजारच्या म्हाताऱ्याची. मला शाळेत कुणी अनाथ म्हणू नये म्हणून." मग तिनं ते रखवालदाराचंही सांगितलं. एवढ्या बारीक आवाजात, की मुकुलला पुढे वाकून ऐकावं लागलं.

नुरलान पुन्हा बोलले. आसेलचा आवाज आता अगदी सपाट झाला होता. "तिकडे मला दोन स्थळं आली होती. बाबांनी नाही म्हटलं. आपण कोण हेच माहीत नसताना, तो भाऊच निघाला तर? तुम्ही विचारलंत ना, वाई कुठे आणि कारागंडा कुठे. म्हणूनच ते इथवर आले. फक्त त्यांना ऐकायचं होतं, की नातवंडांना निदान एका बाजूची खरी नावं असतील."

मुकुलनं मान खाली घातली. गणपतराव, बळवंतराव त्याच्या ओठांवर अजून तयारच होते.

तीस वर्षं वर्गाला जे लिहून दिलं, ते सविताबाईंना जसंच्या तसं आठवलं. मध्य आशियातल्या भटक्या टोळ्या. घोडेस्वार, लुटालूट, मुंडक्यांच्या राशी. प्रश्न, दोन गुणांसाठी. त्यांच्या आईच्या तरुणपणी, त्याच माळावर, त्याच लोकांचं हे झालं होतं, आणि त्यांच्या कानावर एक शब्द आला नव्हता. पण त्यांना खरं सुन्न केलं होतं ते त्या हातानं. तोंडावरच्या. त्या दारात आपण असतो तर? आपणही तोंडावर हात धरला असता. खात्रीनं धरला असता. मुकुलच्या मुठीतून बाही सोडवून गेलो असतो.

त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"मुकुल," त्या म्हणाल्या. मग मोठा श्वास घेतला. "निशिकांत."

मधुवंतीनं ताट टेबलावर ठेवलं. मुकुलनं आईकडे असं पाहिलं, जणू घरात तिसरंच कुणी बोललं होतं.

"दीनानाथ. त्र्यंबक. सखाराम. त्र्यंबक."

"पुन्हा त्र्यंबक?" नुरलान यांनी बोट वर केलं.

"आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात."

"मग सातवे सखारामच," मुकुल मराठीत पुटपुटला. "आई, सांगून टाक."

"असतीलही," सविताबाई म्हणाल्या. "पण मी ऐकलेलं नाही." आणि नुरलान यांच्याकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "सहा येतात. सातवं मला माहीत नाही."

नुरलान खुर्ची ओढून पुन्हा टेबलाशी बसले. अनिमेषनं खिशातून फोन काढला. "आजी, परत सांग ना, रेकॉर्ड करतो."

"फोन ठेव. पाठ कर."

त्यानं म्हटली. सखाराम आणि त्र्यंबक यांच्यात एकदा चुकला, सविताबाईंनी सुधारलं. मग नुरलान आसेलला काही म्हणाले. ती उभी राहिली. समोर मुकुल बसला होता, थोड्या दिवसांत तिचा सासरा होणारा. तिनं तोंड उघडलं आणि आपोआप तिचा हात वर आला, ओठांपाशी.

नुरलान यांनी टेबलावरून हात लांब करून तिचं मनगट धरलं आणि खाली आणलं. एकच शब्द बोलले. कझाक कुणाला येत नव्हतं, तरी तो सगळ्यांना कळला. म्हण.

"मुकुल," आसेल म्हणाली. "निशिकांत."

'त्र्यंबक' तिला धड जमेना. सविताबाईंनी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.