शेजारचा रकाना

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि माझ्या पोटात चोर आहे असा संशय माझ्यावर घेतला गेला होता.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी चार जीबी मेमरी ऐसपैस वाटे. पुढे एका कार्यालयाने मला अडगळीत टाकले. तिथे काम करणाऱ्या एका ताईने मला घरी आणले, पुसले, नवी प्रणाली घातली आणि आपल्या वहिनीला दिले. वहिनी माझ्यावर भाषांतरे करी. पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या खोलीत लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्र चालू असे: कठड्याचा पलंग आणि त्यात झोपलेले दहा महिन्यांचे बाळ.

एका दुपारी वहिनीने माझा मेमरीचा तक्ता उघडला. 'मोकळी' या रकान्यात जेमतेम शंभर एमबी! खाली 'स्वॅप' वापरात.

"एवढी जागा खातंय कोण? आणि डिस्कवर गुपचूप काय लिहितोय हा?"

तिने माझ्या पडद्यावरच्या छोट्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली आणि नणंदेला फोन केला.

"खरं सांग, यात काही घालून ठेवलंयस का? आमच्यावर नजर ठेवायला?"

"वहिनी, तुमच्याकडे बघण्यासारखं आहे काय? वाळत घातलेली दुपटी?"

वहिनी हसली नाही. तिने फोन ठेवला आणि स्वॅप बंदच करून टाकले.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर! रिकामी मेमरी नुसतीच पडून राहते. म्हणून मी नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे हाताशी ठेवतो, आणि कुणी जागा मागितली की लगेच आवरतो. ती जागा शेजारच्या 'उपलब्ध' रकान्यात धरलेली असते. तिथे दीड जीबी होते. तो रकाना तिने वाचलाच नाही. आणि स्वॅप म्हणजे डिस्कवरचा एक कोपरा. बराच वेळ न लागलेले सामान मी तिथे सरकवतो. आता तो कोपराच गेला.

संशयाच्या भरात तिने हेरगिरीबद्दलची तीसेक पाने उघडली. माझी मेमरी काठोकाठ भरली. अशा वेळी सर्वांत जास्त जागा अडवणारा प्रोग्राम बंद करायचा, असा माझा नियम आहे. पाने एकेकटी लहान होती; तो निघाला आतल्या खोलीतल्या कॅमेऱ्याचा. बाळाचे चित्र नाहीसे झाले.

वहिनी खुर्ची पाडून धावली. बाळाचा एक पाय कठड्याबाहेर आला होता. तिने त्याला वरच्यावर झेलले.

संध्याकाळी ताई आली. तिने स्वॅप सुरू केले आणि 'उपलब्ध' रकान्यावर बोट ठेवले. वहिनी बाळाला घट्ट धरून म्हणाली, "मी तुला काय काय बोलले गं."

"चालायचंच. मी तर दुपटीच काढली तुझी."

मित्रांनो, जरूर संशय घ्या, पण एकच आकडा बघून काही बंद करू नका. आमची वहिनी आता दोन्ही रकाने वाचते. चिकटपट्टी मात्र तिने अजून काढलेली नाही. असू दे. बाळाकडे बघायचे असले की हल्ली ती माझ्याकडे पाहतच नाही, उठून आत जाते.