भोंगा आणि उंदीर

नंदिनी प्रयोगशाळेतून सुटीवर भद्रावतीला आली, पण शिकलेली पोर गप्प कशी बसणार? स्किझोफ्रेनिया समजून घ्यायला आम्ही उंदरांचं जनुक बदलतो, ती आत्याला सांगू लागली. साधा उंदीर आधी बारीक आवाज ऐकला की मागून आलेल्या मोठ्या आवाजाला फारसा दचकत नाही. बदललेला मात्र दचकतोच.

बायनाबाई आत्या तांदूळ निवडत नुसती मान हलवत होती.

तेवढ्यात कोळसा खाणीचा भोंगा वाजला आणि पाठोपाठ सुरुंग उडाला. आत्याच्या हातातलं सूप हललं नाही. नंदिनी टुणकन उडाली, चहा सगळा ओढणीवर.

"भोंगा तं आयकला होता ना तू?" आत्यानं खडा बाजूला टाकत शांतपणे विचारलं. "तुह्या साहेबाले फोन कर. पिंजऱ्यातला एक सुटून इथी आला म्हणाव."