टिटवीची चार अंडी

१९७४ सालची गोष्ट. काकांच्या फोटो स्टुडिओत छापलेल्या फोटोंची दुरुस्ती पुतणी करायची. कुणाचा मस, कुणाचे देवीचे वण, बारीक ब्रशने अलगद नाहीसे करायची. काका तिला ‘सफाई खातं’ म्हणत.

लग्नाचे फोटो झाले की रोलवर दोन-तीन जागा उरत. त्या तिच्या. ती मागच्या खडकाळ मैदानात पाखरं टिपायची. त्या वर्षी तिथे टिटवीने खड्यांत, अगदी उघड्यावर चार अंडी घातली. आणि सोमवारी तिथेच रस्त्यासाठी रोलर फिरणार होता.

तिने फोटो काढून नगरपालिकेच्या इंजिनियरसाहेबांपुढे ठेवला.

“बाजारातली अंडी आणून मांडलीत होय!” साहेब हसले. “टिटवीची ठिपक्यांची असतात, बाई. एवढं मलाही कळतं.”

तिने फोटो पाहिला आणि तिची कानशिलं तापली. सवयीच्या हाताने तिने एकूण एक ठिपका पुसून टाकला होता.

“कर्म माझं!” काकांनी कपाळाला हात लावला. “अगं, नवरीचे गाल होते का ते?”

तिने ब्रश न लावता भला मोठा फोटो छापला. शोकेसमधून नगराध्यक्षांना उतरवून तिथे तो लावला. खाली लिहिलं : ‘यात चार अंडी आहेत. सापडतात का बघा.’

शनिवारी दुकानापुढे ही गर्दी! शेजारचा शिंपी म्हणाला, “तीनच आहेत.”

“चार!” त्याची बायको म्हणाली. “तुम्हाला नाकावरचा चष्मा सापडत नाही, अंडी कुठली सापडायला!”

मग सगळे मैदानात गेले. रोज तिथून दाणदाण चालणारी माणसं एकेक पाऊल जपून टाकू लागली. रविवारी साहेबही आले. टिटवी किंचाळत अंगावर धावली, तसे ते मागे सरले. आयुष्यात पहिल्यांदाच, असं काका सांगत.

सोमवारी रोलरवाला यंत्र बंद करून खाली उतरला. “इथं नाही बुवा फिरवणार मी.”

साहेबांनी मान डोलावली. “पिल्लं निघेपर्यंत दुसऱ्या टोकाने काम करा.”

चारही पिल्लं निघाली.

रस्ता पुढे झालाच. रोलरवाल्याने गाव बदललं. साहेब निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेऊन पुतणीकडे शिकायला आले. काका स्टुडिओ तिच्या हाती सोपवून गेले. तिने काढलेली पाखरं शाळाशाळांच्या भिंतींवर लागली. पिल्लांचं काय झालं, कोण सांगणार? पण आकाशात टिटवी ओरडली की शिंपी शिवण थांबवून बाहेर यायचा आणि गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचा, “आमच्यापैकीच आहे.”