मॅटवर पाय

"तू मॅटवर पाय ठेवू नको भूषण! तू आला की रोबोट येडा होतो. रोज पाहतोय मी."

अर्हम असं बोलला तेव्हा मी गुडघ्यावर बसून रोबोटच्या चाकात गुंतलेला केस काढत होतो. बरं झालं रोबोट हातात होता. नाहीतर दुसरं काहीतरी उचलून त्याच्या डोक्यात घातलं असतं.

"काहाले रे? माह्या अंगात करंट आहे का?"

"मला काय माहीत! पण सोमवारी तू आला नव्हता. मंगळवारी कसा सरळ गेला, सांग."

"म्हणजे मी पनवती?"

"मी असं बोललो का?"

"तोंड तसंच केलं तू!"

"पुरे रे बाबांनो," दिपमाला मॅडम खोक्यावर बसल्या बसल्या बोलल्या. त्यांचा घसा बसलेला होता. दिवसभर वाचनालयात मोफत कॉम्प्युटर शिकवायचा आणि संध्याकाळी आमची भांडणं सोडवायची, हीच त्यांची नोकरी. त्यातलं दुसरं फुकट.

मॅट म्हणजे बियाणं कंपनीचा जुना फ्लेक्स, उलटा टाकलेला. मागची बाजू पांढरी. त्यावर काळी टेप चिकटवून वळणावळणाचा रस्ता केलेला. रोबोटने टेपवरून चालायचं, कोपऱ्यातले ठोकळे उचलायचे, पलीकडे नेऊन ठेवायचे. पोटाखालचा सेन्सर काळं शोधतो. रोबोटचं नाव आम्ही हेल्या, म्हणजे रेडा, ठेवलं, कारण चालता चालता मध्येच अडतो. आता तर रस्ता सोडून भलतीकडेच जायला लागला होता, आणि जळगावची स्पर्धा दोन दिवसांवर आलेली.

वाचनालयात फ्लेक्स पसरायला जागा नाही. म्हणून सराव रुपचंद नानांच्या केळी पॅकिंग हाऊसमध्ये, काम सुटल्यावर. मी तिथेच कामाला आहे. घडाच्या फण्या कापायच्या, टाकीत धुवायच्या, खोक्यात भरायच्या, गाडी लागली की खोकी चढवायची. सुटी झाली की मी हात धुवून सरळ मॅटवर. हेल्याचा सांगाडा, चाकं, ठोकळा धरायचा पंजा, सगळं माझं. पंजाला आतून फण्यांमध्ये घालतात तो फोम लावलाय, म्हणून ठोकळा निसटत नाही. कोड अर्हमचा. तो नववीत आहे, इंग्लिश शाळेत. वडील केवलचंदशेठ, कापड दुकान. तिसरी कोकिळा. तिचे घरचे शिंदखेड्याहून इकडे केळीच्या कामाला आलेत. ती वायरिंग करते आणि आमच्यावर हसते.

मी शाळेत नाही. नववीत एका सरांनी माझी वही खिडकीतून फेकली. "जा, उचलून आण," म्हणाले. मी गेलो, वही उचलली आणि तसाच घरी गेलो. म्हणून मॅडमनी आमचं नाव खुल्या गटात दिलं. त्यात शाळा सोडलेली पोरं चालतात. अर्हमला त्याच्या शाळेची टीम मिळाली असती, तिथे लॅब आहे, एसी आहे. तो हे कधी बोलून दाखवत नाही. त्याची आई दाखवते.

"मी रोज कोड बदलतो," अर्हम म्हणाला. "रोज! आज नीट केला की उद्या नवीन ठिकाणी वळतो हा. थकलो मी."

"मग कोडच बदल. मले बदलायला नको सांगू."

मी हेल्या खाली ठेवला आणि निघून गेलो. मॅडमनी हाक मारली, थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत कोकिळा आईचा डबा घेऊन आली. फ्लेक्स भिंतीशी गुंडाळलेला होता. तिने तो शेडच्या बाहेर उन्हात पसरला, का ते तिलाच माहीत. मग एकदम ओरडली.

"भूषणभाऊ! इकडे ये! हाऊ चीक शे!"

"कसला चीक?"

"केळना! बठ्ठा डाग चिकना शेतस. तुना शर्टना!"

वाकून पाहिलं. टेपच्या आजूबाजूला काळपट तपकिरी ठिपके. शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली ते टेपची सावली वाटायचे. मी जिथे जिथे गुडघे टेकून वाकलो होतो, तिथे तिथे माझ्या शर्टावरचा ओला चीक लागला होता. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो, डाग उमटतो दुसऱ्या दिवशी. आमच्याकडे हे शेंबडं पोरही सांगेल. नवा शर्ट घालून लग्नाला गेलेला माणूस मांडवाच्या केळीच्या खांबाला टेकत नाही. आणि आम्ही सगळे या धंद्याच्या पोटात राहणारे, एकालाही सुचलं नाही. हेल्याला प्रत्येक ठिपका रस्ता वाटत होता.

संध्याकाळी अर्हमला दाखवलं. त्याने लॅपटॉपमधला कोड वर-खाली करून पाहिला.

"म्हणजे मी आठवडाभर तुझा शर्ट कोडमध्ये बसवत होतो?"

कोकिळा एवढी हसली की तिला ठसका लागला. मॅडमही हसल्या. मला हसू येईना. दुसऱ्याची चुकी असती तर मी शेड डोक्यावर घेतलं असतं. इथे ओरडायला कोणी नव्हतं, त्याचाच जास्त राग आला. मी सायकल काढली, चौकात गेलो आणि कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सोडून आणला. वाढदिवस केव्हाच होऊन गेला होता.

फ्लेक्स पालथा टाकला, नवी टेप मारली. अर्हमने सुरुवातीचे आकडे परत टाकले. हेल्या असा गेला, जसा काही तो कधी अडलाच नव्हता.

"चालला! भो, चालला!" अर्हम नाचायला लागला.

मी फ्लेक्सच्या बाहेर उभा होतो. शर्टाकडे पाहिलं. माझ्याकडे बिनडागाचा शर्टच नाही.

"हेल्या मॅटवर कोकिळा ठेवेल," मीच बोललो. "मी बाहेरून सांगतो."

पण ते तिला जमेना. हेल्या ठेवताना जरासा दाबून मागे ओढावा लागतो, तेव्हा त्याचं मागचं छोटं चाक सरळ होतं. नाहीतर पहिल्याच पावलाला तिरका जातो. मी बाहेरून सांगायचो, "दाब, ओढ, सोड." ती दाबायची, ओढायची, आणि तो तिरकाच.

"माले नही जमत भो," शेवटी ती वैतागून म्हणाली. हेल्या कोण ठेवणार ते तसंच राहिलं.

स्पर्धेच्या सकाळी आईने कुठूनतरी बाटलीच्या तळाशी राहिलेलं रॉकेल आणलं आणि माझे हात घासले. वरचं गेलं. तळहाताच्या रेषांमधलं काळं गेलं नाही. केवलचंदशेठनी आम्हाला पांढरे टी-शर्ट दिले होते. पाठीवर दुकानाचं नाव एवढं मोठं की टीमचं नाव बगलेत गेलेलं. एसटीत मी सीटला टेकलो नाही.

नानांनी अर्धी सुटी दिली होती. "चारले गाडी लागते," ते म्हणाले होते. "दोन माणसं आधीच कमी आहेत. तू नाही आला तं उद्यापासून येऊ नको." नाना वाईट माणूस नाही. माल रात्रीतून निघाला नाही तर रस्त्यात पिकतो, तो काही कोणासाठी थांबत नाही. आईही तिथेच फण्या धुते.

आणि आता मी जळगावात, या हॉलमध्ये बसलोय. सकाळी दहाची वेळ दिली होती. दहाला पाहुणे आले नव्हते. अकरालाही नाही. स्पर्धेच्या मॅटवर चादर टाकलेली. मी आयोजकांच्या बिल्लेवाल्या ताईंना विचारलं, निदान मॅट दाखवा तरी.

"उद्घाटनाआधी मॅटवर पाय ठेवायचा नाही."

"पाय नाही ठेवत. डोळे ठेवतो."

"बस खाली!"

मॅडमनी मला हाताला धरून मागे आणलं आणि म्हणाल्या, "राग आला ना? तोंडाने बोलू नको. मोबाईलवर लिही काय लिहायचं ते." म्हणून हे लिहितोय.

पाहुणे जेवणाच्या वेळेला आले. दिवा लावला, शाल, नारळ, मग भाषण. मुलांनी यंत्रांच्या नादी लागू नये, मैदानात खेळावं, असं त्यांनी रोबोटच्या स्पर्धेत सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आधी शाळांचे गट. खुला गट शेवटी. खुला म्हणजे शेवटी, हे मला आज कळलं.

तीन वाजले. आत्ता निघालो तरी चारला फैजपूरला पोचत नाही.

अर्हम शेजारी येऊन बसला. लॅपटॉप बंद केला, परत उघडला.

"ठेवणार कोण?" मी विचारलं.

"तूच ठेव."

"माझे हात?"

"कोडला सवय झालीय तुझ्या हातांची."

मोबाईल वाजला. नाना असतील म्हणून कानापासून लांब धरला. आई होती. मागून गाडी रिव्हर्स घेतल्याचा आवाज.

"तू तिठीच थांब," ती म्हणाली. "नानाले मी सांगतलं. तुह्या वाटचे खोके मी चढवते."

"तुह्या कमरेले पट्टा आहे ना!"

"पट्टा आहे म्हनूनच तं चढवते." फोन ठेवला.

तिला परत फोन लावला. उचलत नाही. परत लावला. एवढा राग आलाय की हा मोबाईल भिंतीवर फोडावा.

बिल्लेवाल्या ताई माईकवर काहीतरी पुटपुटतायत. "टीम हे... हेला... हेल्या? फैजपूर. हेल्या, फैजपूर, आहेत का?"

कोकिळा उठून हात हलवतेय. मी चप्पल काढली. हात पाहिले. रेषा काळ्या आहेत, पण कोरड्या आहेत.

जातो. मला जायला पाहिजे आता.